पऱ्याकाठचा उंबर : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

यंदा विज्ञानाच्या प्रकल्पाला एकच झाड घ्यायचं ठरलं. शाळेच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठावरचा जुना उंबर. परिसंस्थेतल्या ऊर्जाप्रवाहाचा धडा मुलांचा तोंडपाठ आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, आणि मधे सरळ रेषेत बाण. पण साप बेडूक गिळताना कोणी पाहिलाय असं विचारलं की तीन-चार हात वर येतात, आणि ती मुलं बोलायला लागली की धडा मागे पडतो. कुठल्या बांधावर, पाऊस होता की नव्हता, बेडूक कसा ओरडत होता, सगळं येतं. मला प्रकल्प त्या बोलण्यातून उभा करायचा आहे.

वर्गाच्या भिंतीवर मोठा पुठ्ठा लावलाय, मधोमध उंबर. नियम असा की डोळ्यांनी पाहिलं त्याचाच बाण पेनाने काढायचा, आणि शेजारी तारीख व पाहणाऱ्याचं नाव लिहायचं. वाचून कळलेल्या गोष्टीचा बाण पेन्सिलीने, तुटक.

जमीन ज्यांची आहे त्या काकांना विचारून घेतलं. "झाडाला कोयती लावू नका, बाकी काय ते करा," म्हणाले. देवरुखच्या आमच्या या बाजूला उंबर सहसा कोणी तोडत नाही. दत्ताचं झाड. या झाडाच्या बुंध्यालाही चिऱ्यांचा पार बांधलेला आहे. विहिरीची जागा बघताना जुनी माणसं आजही आधी जवळपास उंबर कुठे आहे ते पाहतात.

१८ जानेवारी

खोडावर आणि जाड फांद्यांवर बारीक हिरव्या गाठींचे झुबके फुटलेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढी उंबरं. पानाच्या बगलेत न येता थेट खोडातून फळ फुटतं, हे मुलांनी फणसात पाहिलेलं असल्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते पानांवरच्या फोडांचं. निम्म्या पानांवर गोल, टणक पुटकुळ्या. मुलांना तो रोग वाटला. एक फोड ब्लेडने कापून भिंगाखाली धरला तर आत फिकट रंगाचा चपटा किडा, सहा पायांचा. सिलिड नावाचे रस शोषणारे किडे असतात, त्यांची पिल्लं ही. पिल्लाच्या त्रासामुळे पानच त्याच्याभोवती वाढतं आणि त्याला घर मिळतं. पहिला पेनाचा बाण इथे निघाला: पानाकडून किड्याकडे.

वरच्या फांद्यांवर हुमल्यांची (झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची) दोन घरटी दिसली. पानं ओढून एकमेकांना शिवलेली. शिवायचा धागा मोठ्या हुमल्यांकडे नसतो. त्या आपली अळी तोंडात धरून पानाच्या कडांवर फिरवतात आणि तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवण घालतात. चावा सगळ्यांना माहीत आहे, शिवणकाम बहुतेकांनी आजच नीट पाहिलं.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा.

उंबरं आता करवंदाएवढी झाली आहेत. सकाळी आलो तेव्हा झुबक्यांवर काळी, दोनेक मिलिमीटरची केंबरं (उंबरात वाढणारे बारीक, पंखवाले किडे) फिरत होती. उंबराच्या टोकाला एक बारीकसं भोक असतं, खवल्यांनी घट्ट मिटलेलं. एक केंबरू त्या खवल्यांत डोकं घालून आत शिरायला लागलं. आम्ही भिंग धरून उभे. डोकं गेलं, मग छाती अडकली. मागचे पाय रेटत होते. पंख खवल्यांच्या फटीत सापडले आणि बुडातून मोडले. केंबरू आत गेलं, पंख बाहेर राहिले. नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आता ते परत कसं येणार?"

ते परत येत नाही. आत गेलेली ही मादी आतच मरते.

दोन उंबरं तोडून उभी कापली. ब्लेड चिकाने इतकं चिकटलं की कागदावरून सुटेना. आत फळाचा गर वगैरे काही नाही. पोकळी, आणि तिच्या भिंतीला आतून चिकटलेली हजारो बारीक फुलं. त्यांच्यामधून दोन पंखहीन केंबरं चालत होती. फळ म्हणून आपण ओळखतो तो खरं तर आत वळलेला फुलांचा गुच्छ आहे.

मग फळ्यावर आकृती काढून सांगितलं. मादी बाहेरून परागकण घेऊन येते. उंबरावरच्या या जातीच्या छातीला त्यासाठी खिशासारख्या दोन खाचा असतात. आत येऊन ती फुलांच्या कुक्षीवर परागकण लावते आणि फुलाच्या नळीतून नांगी घालून बीजांडाशी अंडं घालते. काही फुलांची नळी आखूड, काहींची लांब. आखूड नळीच्या फुलांत तिची नांगी तळापर्यंत पोहोचते, तिथे पिल्लू वाढतं. लांब नळीच्या फुलांत बी धरतं. एका फुलाचं एकच होतं, बी तरी किंवा केंबरू तरी. झाड आपली काही फुलं पिल्लांसाठी देतं आणि उरलेल्यांत बी धरून घेतं. जगात फायकस प्रजातीतल्या (वड, पिंपळ, उंबर यांच्या गटातल्या) सुमारे ७५० जाती आहेत आणि या देवघेवीचा इतिहास काही कोटी वर्षांचा आहे.

फूल जेव्हा परागकण घ्यायला तयार असतं तेव्हा उंबरातून विशिष्ट वास सुटतो आणि नेमकी त्याच जातीची केंबरं त्यावर येतात. वडावरची वडाकडे, उंबरावरची उंबराकडे. पुठ्ठ्यावर प्रथमच दोन टोकांचा बाण निघाला.

१५ फेब्रुवारी

आठवडाभरात उंबरांवरची वर्दळ बदलली. काळी केंबरं गेली. आता पिवळट-तपकिरी, अंगापेक्षा लांब शेपटीची केंबरं बाहेरच्या सालीवर बसलेली दिसतात. शेपटी म्हणजे अंडं घालायची नळी. ही आत जात नाहीत. सालीवर पाय रोवून, पोट उंच उचलून, नळी सरळ खाली खुपसतात आणि बाहेरूनच आतल्या फुलापर्यंत पोहोचतात. एकेक जण बराच वेळ तशीच उभी.

यांतल्या काही जाती नुसत्या फुलात घर करतात, परागकण आणत नाहीत. काही त्याच्याही पुढे जाऊन आधीच वाढत असलेल्या पिल्लावर आपलं अंडं घालतात, म्हणजे त्यांची अळी दुसऱ्या केंबराच्या अळीवर जगते. एका उंबरात अशा कितीतरी जाती राहतात आणि त्या येतात वेळापत्रक लावल्यासारख्या. काही परागण होण्याआधीच येऊन जातात, काही बऱ्याच दिवसांनी, जेव्हा साल जाड झालेली असते. उशिरा येणाऱ्यांची नळी त्या मानाने लांब असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उंबरावर पुष्कळ काम झालंय. तिथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अपोक्रिप्टा नावाच्या अशा एका परजीवी केंबराच्या नळीच्या टोकाशी जस्त असतं, त्यामुळे कच्च्या उंबराची कडक साल भोसकताना टोक झिजत नाही. केसापेक्षा बारीक सुईला धातूचं टोक! वर्ग हे ऐकून एकदम शांत झाला.

आज हुमल्यांनी अशा दोन लांब-शेपट्यांना उभ्या उभ्या पकडलं. नळी सालीत रुतलेली, उडता येईना.

त्यावरून मुलांच्या डोक्यात आलं की हुमले नसलेल्या फांदीवर काय होतं ते बघावं. गॅरेजमधून थोडं ग्रीस आणलं. एका खालच्या फांदीला चिंधी गुंडाळून वर ग्रीसचा पट्टा फासला, शेजारच्या फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. दुसरी तशीच फांदी हुमल्यांसकट तुलनेला ठेवली. रोज मधल्या सुट्टीत दोघांनी जाऊन पट्टा शाबूत आहे का आणि कोणत्या फांदीवर कोण बसलंय ते लिहायचं.

१२ मार्च

शिमग्यामुळे पोरं जाग्यावर नाहीत. पालखी घरोघर फिरतेय, निम्मा वर्ग ढोलामागे. तरी रोजची नोंद एकदाही चुकलेली नाही, कारण नोंदीचा जिचा दिवस, तिच्या घरी पालखी असली तर तिचा भाऊ येऊन लिहून जातो.

उंबरं आता फुगली आहेत, देठाशी किंचित लालसर. दोन्ही फांद्यांवरची उंबरं काल वेगवेगळ्या बरण्यांत ठेवून तोंडाला मलमल बांधली. आज सकाळी दोन्ही बरण्यांच्या काचा आतून काळ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. एक उंबर कापलं तर त्यात अंबरी रंगाचे, पंख नसलेले, वाकड्या अंगाचे किडे. हे नर. आधी ते बाहेर येतात, माद्या अजून आपापल्या फुलात बंद असतानाच मीलन होतं, मग नर मिळून उंबराच्या भिंतीला भोक पाडतात. माद्या आतल्या पिकलेल्या परागकोशांतून परागकण भरून घेतात आणि त्या भोकातून निघून जातात. नरांचं आयुष्य त्या काळोखातच संपतं. भोक पाडताना जे बाहेर पडतात ते मुंग्यांना मिळतात.

काळ्या माद्यांबरोबर लांब शेपट्यांची केंबरंही निघाली. ग्रीस लावलेल्या फांदीच्या बरणीत ती उघड जास्त आहेत. रोजच्या वहीतही तसंच दिसतं: त्या फांदीवर लांब-शेपट्या निवांत बसलेल्या, हुमल्यांच्या फांदीवर क्वचित. मूठभर उंबरांवरून फार बोलायचं नाही, हे मुलांना सांगितलं. पण दक्षिण चीनमध्ये याच झाडावर, याच हुमल्यांवर मोठा अभ्यास झालाय आणि तिथेही हाच कल आला: हुमले असले की बाहेरून नळी खुपसणारी केंबरं घटतात, परागकण आणणाऱ्यांची पिल्लं आणि उंबराचं बी दोन्ही वाढतात.

२० मार्च

पुठ्ठ्यापुढे वाद. हुमले आणि उंबर यांच्यात कुठला बाण काढायचा?

एका गटाचं म्हणणं, हुमले झाडाच्या बाजूचे, मित्र. दुसऱ्या गटाने फांद्यांवर खवलेकिडे दाखवले. हुमले त्यांना खात नाहीत, उलट राखतात, कारण खवलेकिडे झाडाचा रस पिऊन गोड पाणी सोडतात आणि हुमले ते चाटतात. म्हणजे झाडाचा रस पिणाऱ्यांचे राखणदारही हुमलेच. मग शत्रू? शिवाय भोकातून बाहेर येणारी काळी केंबरंही हुमले पकडतात, तीही पाहिलेली आहेत.

मला वाटतं इथे आमचा प्रकल्प पुस्तकाच्या पुढे गेला. परस्परलाभ, परजीविता, भक्षण, स्पर्धा अशी नावं दोन जिवांना समोरासमोर ठेवून दिलेली असतात. उंबर आणि हुमले या दोघांचंच खातं उघडलं तर हुमल्यांकडून झाडाला तोटाच निघेल. लाभ येतो तो तिसऱ्यामुळे, लांब-शेपटीमुळे. आणि तीसुद्धा मोजावी लागते ती चौथ्याच्या, काळ्या केंबराच्या नुकसानीत. काळं केंबरू भोकातून चटकन आत जातं म्हणून हुमल्यांच्या तावडीत कमी सापडतं, लांब-शेपटी बाहेर ताटकळते म्हणून जास्त. वागण्यातला एवढा फरक आहे म्हणून पारडं झाडाकडे झुकतं. दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या मुंग्यांबरोबर ते झुकेलच असं नाही.

शेवटी एका मुलाने सुचवलं की बाणावरून बाण काढूया. लांब-शेपटीकडून उंबराकडे जाणाऱ्या रेषेवर मधोमध हुमल्यांची आडवी रेघ. तसंच केलं. पुठ्ठा आता बघायला गिचमिड झालाय आणि मला तो आधीपेक्षा खरा वाटतो.

केंबरांवर स्वार होणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक जंत) पेन्सिलीने जोडले. ते एका उंबरातून दुसऱ्या उंबरात जायला केंबराचं अंग वापरतात. थोडे असले तर केंबराचं काही बिघडत नाही, गर्दी झाली की मात्र त्याला ते जड जातं. तेच दोन जीव, तेच नातं, फक्त संख्या बदलली.

२३ मार्च

उंबरं पिकली. उजाडायच्या आधी पारावर बसलो.

पहिले बुलबुल. मग तांबट आणि कुटुर्गे, मग मैना. कोकिळा आत पानांत बसून खात होती, बाहेर आलीच नाही. हरियालांचा थवा उन्हं आल्यावर उतरला आणि झाडावर बसलेला असूनही दिसेनासा झाला. हलल्याशिवाय ओळखू येत नाहीत. राज्यपक्षी आहे म्हणून मुलं खूश, पण उंबराच्या दृष्टीने त्याचा हिशोब वेगळा आहे. कोंबडी साफ करताना पोट्यात खडे सापडतात, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हरियालाचा पोटाही तसाच दळणारा, बारीक बियासुद्धा त्यात बऱ्याच भरडल्या जातात. बुलबुल आणि तांबटांच्या विष्ठेतून त्या धडधाकट पडतात.

साडेसातच्या सुमाराला धनेशाचा नर आला. पंखांचा आवाज आधी आला. एकामागून एक उंबरं चोचीच्या टोकाने तोडून, मान मागे टाकून गिळत गेला, गळा फुगला आणि तो पऱ्याच्या वरच्या रानाकडे उडाला. तासाभराने पुन्हा आला, पुन्हा त्याच दिशेला गेला. या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसते आणि नर तिला एकेक फळ घशातून काढून भरवतो. ढोली कुठल्या झाडावर आहे ते शोधायला मुलं आतुर होती. नाही शोधली. माणसांचा वावर वाढला तर नर भरवायला यायचा थांबू शकतो, हे समजावल्यावर कोणी पुन्हा विषय काढला नाही. बाण मात्र काढला, आणि त्याच्या टोकाशी "वरचं रान" एवढंच लिहिलं.

रात्री काकांच्या पडवीतून वाघळं पाहिली. ती झाडावर बसून खात नाहीत, निदान लहान जात तरी नाही. फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतात आणि चोथा थुंकतात. सकाळी शेजारच्या आंब्याखाली तो चोथा सापडला, त्यात उंबराच्या बिया.

खाली पडलेल्या फळांवर माश्या, भुंगेरे, आंबलेला रस पिणारी फुलपाखरं. ओल्या मातीत साळिंदराची उकर आणि डुकराचे खूर. पऱ्याच्या उरलेल्या डोहात पडलेलं उंबर मासे खालून ढोसत होते.

९ एप्रिल

झाड रिकामं झालं. पाखरं गेली.

ज्या मुलीने फेब्रुवारीत केंबराचं विचारलं होतं, तिचाच पुढचा प्रश्न: "ती जगतात एक-दोन दिवस. या झाडावर आता कच्चं उंबर एकही नाही. मग गेली कुठे?"

याच प्रश्नासाठी आजचा अर्धा दिवस पऱ्याच्या कडेकडेने वर चालत गेलो. एका झाडावरची उंबरं साधारण एकदमच पिकतात, म्हणून बाहेर पडणाऱ्या माद्यांना दुसरं झाड गाठावंच लागतं, आणि तेही नेमक्या तयार फुलांचं. सगळे उंबर एकाच वेळी फळले तर केंबरं संपतील. ते मागेपुढे फळतात म्हणून साखळी चालू राहते. वाटेत लागलेल्या प्रत्येक उंबराची अवस्था नकाशावर लिहिली: दोन कोरे, एक हरभऱ्याएवढा, एक पिकलेला. वळणापाशी रस्तारुंदीत गेलेल्या एका मोठ्या उंबराचा बुंधा राहिलाय. त्याचीही खूण केली.

केंबरं किती लांब जातात? अंगात बळ नसतं, पण झाडांच्या शेंड्यांवर चढून वाऱ्यावर स्वार होतात. नामिबियातल्या उगाब नदीकाठी, उंबराच्या जवळच्या नात्यातल्या सायकमोर झाडावर झालेल्या कामात (२००९) केंबरांनी १६० किलोमीटरपर्यंत परागकण नेल्याचं दिसलं. तेव्हा एक झाड गेलं म्हणून साखळी लगेच तुटत नाही. पण अशीही वेळ येते. बोर्निओतल्या लांबिर इथे १९९८ च्या दुष्काळात फायकसच्या काही जातींनी फळं धरणंच थांबवलं आणि त्यांची केंबरं त्या रानातून नाहीशी झाली. फळांमधला खंड केंबरांच्या आयुष्याहून लांबला, एवढंच कारण.

रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये "कळीची जाती" (जिच्यावर बाकीच्या पुष्कळ जाती तगून असतात ती) ही कल्पना मांडली ती समुद्रकाठच्या तारामाशावरून. नंतर जॉन टरबर्ग यांनी पेरूच्या रानात फायकसला तेच स्थान दिलं, कारण इतर फळं नसतात त्या दिवसांत ही झाडं पाखरं-माकडांना तगवतात. हा मान कोणाही एका झाडाचा नाही, मागेपुढे फळणाऱ्या साऱ्या उंबरांचा मिळून आहे, हे आज नकाशावर दिसलं.

१३ मे

सुट्टी. तरी दोघं रोज जाऊन येतात. त्यांनी एका पानाच्या मधल्या शिरेवर अळी पाहिली, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या जोड्या असलेली. कॉमन क्रो फुलपाखराची. तिने आधी शीर कुरतडली, चीक वाहून जाऊ दिला आणि मग पुढचं पान खायला घेतलं. काकांच्या माडीवरून व्हिडिओ काढलाय, स्पष्ट आहे.

२६ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. पऱ्या दुथडी. उंबराला नवा बहर लागला होता, हरभऱ्याएवढा. त्यातला बराच झडून वाहून गेला. खोडावर थोडे झुबके उरलेत.

१८ जून

शाळा सुरू झाली. पाराच्या चिऱ्यांच्या फटीत, शाळेच्या कुंपणात आणि मुतारीच्या छपरावर उंबराची रोपं दिसली. कोणी टाकली असतील, याचे तीन-तीन पेन्सिलीचे बाण मुलांनी काढले: बुलबुल, वाघूळ, तांबट. छपरावरचं रोप काढून वळणावरच्या बुंध्याशेजारी लावलं, काकांनी तिथे काट्यांची वई करून दिली.

उरलेले झुबके मोठे झालेत, पण भर पावसात केंबरं येतात की नाही ते पाहायचं आहे. खवल्यांत मोडलेले पंख अडकलेले दिसले तर ती येऊन गेली. त्यासाठी केंबरू समोर दिसायची गरज नाही, भिंग पुरे. नकाशावरचे सगळे उंबर वाटून दिले. ज्याच्या घराजवळ जो, त्याने दर शनिवारी चारपैकी एक अवस्था लिहायची: कोरा, कच्चा, फुगलेला, पिकलेला. नवीन नववीला वही दिली. पुठ्ठा जुनाच राहील, त्यावर जागा आहे.